स्टोव्ह भडकला म्हणे

माझा उजवा हात कोपरात पूर्ण सरळ होत नाही. मनगटापासून दंडापर्यंतची कातडी ताणून शिवल्यासारखी आहे. उन्हाळ्यात ती खाजते, थंडीत ओढते. ज्या माणसामुळे हे झालं त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. दया म्हणून नाही. त्याचं नाव याच हातानं लिहावं लागेल, आणि तेवढी मेहनत मला त्याच्यासाठी घ्यायची नाही. मी त्याला नुसतं ड्रायव्हर म्हणेन. त्यालाही तसंच म्हणवून घ्यायला आवडायचं.

गडचिरोली जिल्हा चंद्रपुरातून वेगळा होऊन फार दिवस झाले नव्हते. अहेरीच्या खाली, जंगलातल्या एका गावात, एका संस्थेचा लहानसा दवाखाना होता. मी तिथं नर्स म्हणून लागले. मी बल्लारपूरची. बाप कोळशाच्या खाणीत, आई घरी. माझ्या आधी आमच्या घरातलं कुणी वर्धा नदीच्या पलीकडेसुद्धा नोकरीला गेलं नव्हतं. दवाखान्यात आम्ही चौघंच. नागपूरकडचे वयस्कर डॉक्टर, मी, गावातलीच एक गोंड दाई, आणि ड्रायव्हर.

जीप जुनी होती, पेट्रोलवर चालणारी. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आणि तिचं झाकण सीटच्या बाजूला. पेट्रोलपंप लांब, म्हणून मागच्या टिनाच्या खोलीत पेट्रोलचा ड्रम ठेवलेला असायचा. ड्रममधून डब्यात आणि डब्यातून नरसाळ्यानं टाकीत, असं पेट्रोल भरायचं. त्या भागात एसटी मुख्य सडकेवरच थांबायची. आतल्या गावांना आमची जीप हे एकच चाक. त्यामुळे ज्याच्या हातात तिची चावी, तो मोठा माणूस. आम्ही गावात पोचलो की लोक आधी ड्रायव्हरसाठी खुर्ची आणायचे. चहाचा पहिला कपही त्यालाच. डॉक्टर झाडाखाली उभे असायचे आणि हा पायावर पाय टाकून बोटावर चावीची साखळी फिरवत बसायचा. मी त्याला भाऊ म्हणायची. तो मला सिस्टर म्हणायचा.

तो दिवस दिवाळीनंतरचा, बाजाराचा. डॉक्टर अहेरीला गेले होते आणि त्यांना घ्यायला जायचं होतं. ड्रायव्हर नुकताच एका गावाहून परतला होता. जीप मागच्या अंगणात उभी होती, इंजिन चालूच. बॅटरी कमजोर होती, एकदा बंद केलं की धक्का मारावा लागायचा, म्हणून तो इंजिन बंदच करायचा नाही. मी व्हरांड्यात सिरिंज उकळायचा स्टोव्ह साफ करत होते. स्टोव्ह विझलेला होता, त्याचा बर्नर माझ्या हातात सुटा होता. हे मी मुद्दाम सांगते आहे.

"सिस्टर, जरा नरसाळं धरा जी. मले एकट्याले जमून नाई राह्यलं."

मी बर्नर खाली ठेवला आणि गेले. त्याच्या तोंडात विडी होती.

"भाऊ, विडी."

"विझली ना ती. अन् विडीनं पेट्रोल पेटत नसते, सिस्टर. आमी रोजचेच हावो."

त्यानं डबा वाकडा केला. इंजिन थरथरत होतं, त्यानं नरसाळं हलत होतं. टाकी भरली तरी त्याचं लक्ष नव्हतं. पेट्रोल वर आलं, माझ्या हातावरून पोलक्याच्या बाहीत शिरलं. थंडगार लागलं. "भाऊ, थांबा, सांडलं," मी म्हणाले. त्यानं डबा सीटच्या कडेवर टेकवला, खिशात हात घातला आणि विझलेली विडी पेटवायला काडी ओढली.

आवाज काही झाला नाही. लोकांना वाटतं भडका उडतो तेव्हा मोठा आवाज होतो. माझ्या हातावर नुसती निळसर, पातळ ज्वाळ उभी राहिली. पहिल्या क्षणी दुखलंसुद्धा नाही. मग दुखलं. ड्रायव्हरनं उडी मारली, त्याच्या धक्क्यानं डबा लवंडला, आणि पेटलेलं पेट्रोल माझ्या पायाकडं यायला लागलं. तो विहिरीकडं पळाला. मला वाटलं पाणी आणायला गेला. तो परत आला तेव्हा मी विझून जमिनीवर पडलेली होते.

मला विझवलं ते दाईनं. "किस! किस!" म्हणून ओरडत ती धावत आली. गोंडीत विस्तवाला किस म्हणतात. पाण्याच्या रांजणाभोवती गुंडाळलेलं ओलं पोतं तिनं ओढून काढलं, माझ्यावर टाकलं आणि वरून स्वतः आडवी पडली. मग उठून तिनं कुदळीनं जमीन उकरून माती गाडीवर फेकली. गाडीचं फक्त सीट जळालं. लोक आजही मला विचारतात, पाणी का नाही टाकलं? पाणी टाकलं असतं तर पेट्रोल पाण्यावर तरंगत दवाखान्यापर्यंत गेलं असतं. दाईला हे कुणी शिकवलं नव्हतं. रानातला वणवा तिनं मातीनंच विझवलेला पाहिला होता.

चंद्रपूरच्या दवाखान्यात मी महिनोन् महिने होते. ड्रेसिंग बदलताना मी ओरडत नसे, कारण तिथल्या नर्सा मला ओळखायला लागल्या होत्या आणि स्वतः नर्स असून ओरडायची मला लाज वाटायची. एक दिवस आमचे डॉक्टर भेटायला आले. संत्री आणली होती. खुर्चीवर बसून इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "स्टोव्ह जरा जपून वापरायला हवा होता, सिस्टर."

मला कळेना ते काय म्हणताहेत.

"कुठला स्टोव्ह?"

"व्हरांड्यातला. भडकला ना? ड्रायव्हर सांगत होता, गाडी जवळच उभी होती म्हणून तिच्यापर्यंत आग गेली."

"स्टोव्ह विझलेला होता, डॉक्टर. त्यानं काडी ओढली. दाईला विचारा."

त्यांनी खिडकीकडं पाहिलं. "तिला धड मराठी येत नाही."

"तुम्हाला गोंडी येते ना थोडी?"

मी त्यांचा चेहरा पाहिला आणि समजले. त्यांना खरं काय ते कळलं होतं. पण त्या जंगलात दुसरा ड्रायव्हर मिळणार नव्हता. ड्रायव्हर गेला तर दवाखाना बसला. नर्स दुसरी मिळते. ते गेल्यावर मी संत्री शेजारच्या बाईला देऊन टाकली.

त्या दिवसापासून मला बरं व्हायची घाई झाली. हात जळाल्याचा राग वेगळा, तो कधीतरी शमला असता. पण मी माझ्याच हातानं स्वतःला जाळून घेतलं असं तो गावोगावी खुर्चीवर बसून सांगत असणार, चहाचे घोट घेत. मी डोळे मिटले की मला तो चहा पिताना दिसायचा. मला त्याचा जीव नको होता. मला त्याची चावी पाहिजे होती.

बल्लारपूरला घरी आले तेव्हा बापानं माझं मन ओळखलं. बुद्धपौर्णिमेला मला विहारात घेऊन गेला. तिथं वैर सोडण्याबद्दल सांगितलं जातं, तसं त्या दिवशीही सांगितलं गेलं. परत येताना बाप म्हणाला, "आयकलं ना?"

"आयकलं."

"मंग?"

"मंग काही नाई, बाबा. मले मामाकडं जायचं हाय."

मामा लाकडाच्या एका ठेकेदाराकडं जीप चालवायचा, तीही पेट्रोलचीच. मी म्हटलं, मला गाडी शिकव. तो आधी हसला. मग त्यानं माझ्या हाताकडं पाहिलं.

"ह्या हातानं?"

"गिअर कोणत्या हातानं टाकतो, मामा?"

"डाव्या."

"मंग? स्टिअरिंगले वाकलेलं कोपरच लागते."

त्यानं ते मान्य केलं. रेल्वेच्या पलीकडे मोकळं मैदान होतं, तिथं मी शिकले. येणारे-जाणारे थांबून बघायचे. मामा बोलायला तिखट. क्लच झटक्यानं सोडला की म्हणायचा, "गाडी हाय, म्हैस नाई." उतारावर गाडी न्यूट्रलला टाकायची नाही, ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. नाल्यात आधी आपण पायी उतरून पाहायचं, मग गाडी. बाहेर पाय लोंबकळत कुणी बसला की गाडी हलवायचीच नाही, तो साहेब असो की सरपंच. हे सगळं मी शिकले. पण खरी शिकायला गेले होते ती पेट्रोलची गोष्ट.

"पेट्रोल दिसते तेवढंच नसते," मामा म्हणाला. "त्याची वाफ रायते. ती खाली बसते, जमिनीवरून सरकत जाते. चूल तिकडं कोपऱ्यात जरी असली ना, तरी तिच्यापर्यंत जाते. म्हणून आधी इंजिन बंद. मंग बसलेले सगळे खाली. मंग गाडी निवू द्यायची. डबा जमिनीवर टेकवायचा अन् मंगच उघडायचा. नरसाळं टाकीच्या तोंडाले लोखंडाले लोखंड भिडवून धरायचं. गच्च भरायचं नाई, गरम झालं का ते फुगते. सांडलं तं पुसायचं, कपडा दूर टाकायचा, अन् वास जाईपर्यंत चावीले हात लावायचा नाई."

मी हे सगळं मंत्रासारखं पाठ केलं. मामाला वाटलं, पोरगी घाबरली म्हणून सावध झाली. मी हत्यार घासत होते.

लायसन मिळालं ते पर्समध्ये ठेवलं आणि कुणाला न सांगता दवाखान्यात रुजू झाले. ड्रायव्हर अंगणातच होता. जीपला नवं सीट बसवलं होतं, लाल रेक्झिनचं. मला पाहून तो हसला.

"आल्या का सिस्टर? स्टोव्हले संभाळा आता."

मी म्हणाले, "हाव, भाऊ." आणि आत गेले. दाई मला धरून रडली. मी रडले नाही.

मी त्याच्या शेजारी बसून हिंडू लागले. तो काहीच बदलला नव्हता. इंजिन चालू, तोंडात विडी, डब्यावर माणसं बसवलेली. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. तो मला भित्री समजायला लागला आणि मी त्याला समजू दिलं. मला तो डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर सापडायला पाहिजे होता, त्यांना खिडकीकडं बघता येणार नाही अशा जागी. अडचण एकच होती. डॉक्टर बरोबर असले की तो टाकी दवाखान्यातच भरून निघायचा, वाटेत भरत नसे. मी वाट पाहिली. वाट पाहण्यात एक प्रकारची चव असते. ती मी त्या दिवसांत रोज चाखली.

ते पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात झालं. लहान मुलांना लस टोचायला एका आतल्या गावी निघालो होतो. मागं दाई आणि बर्फात ठेवलेली लसीची पेटी, पुढं मधे मी, कडेला डॉक्टर. पेटीच्या बाजूला पेट्रोलचा भरलेला डबा. दुपार चढत होती. तेंदूपत्ता तोडणारे बांधावर सावली धरून बसले होते. चढणीवर जीप फुरफुरली, दोनदा खोकली आणि बंद पडली. उन्हाळ्यात पेट्रोलच्या जुन्या गाड्यांचं असं व्हायचं. उष्णतेनं पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि इंजिनला पेट्रोल पोचत नाही.

"बर्फ वितळेल," डॉक्टर म्हणाले. "लवकर कर काहीतरी."

"आता करतो साहेब. जरासं वरून पाजलं का लागते चालू."

त्यानं बॉनेट उघडलं. मागून डबा काढला. इंजिन तापलेलं, त्यावर हात ठेवला असता तर कातडी निघाली असती. तो थेट कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओतणार होता, आणि ओतण्याआधी सवयीनं त्यानं विडी पेटवली. डॉक्टर सीटवरच बसलेले, शेजारी सीटखाली टाकी.

मी चावी काढून घेतली आणि ड्रायव्हरच्या बाजूनं उतरून लांब उभी राहिले.

"डॉक्टर, उतरा."

"काय झालं?"

"उतरा अन् इकडं या. बघा तो काय करून राह्यला."

ते उतरले, पुढं आले. ड्रायव्हर एका हातात उघडा डबा आणि दातांत पेटलेली विडी घेऊन उभा होता. डॉक्टरांचा चेहरा मी कधीच विसरणार नाही. जळलेल्या माणसाकडं ते जसे पाहतात, तसे ते त्याच्याकडं पाहत होते. मग त्यांची नजर माझ्या हाताकडं गेली.

"त्या दिवशीही असंच होतं," मी म्हणाले. "फरक एवढाच, आज मी लांब हाय अन् तुमी जवळ होते."

"सिस्टर, चावी द्या," ड्रायव्हर म्हणाला.

"विडी टाक."

मी त्याला पहिल्यांदाच अरेतुरे केलं होतं. तेंदूपत्ता तोडणारे उठून जवळ आले होते.

"तुमचा स्टोव्ह नोहे हा."

"विडी टाक, पायानं विझव. डबा जमिनीवर ठेव. झाकण लाव."

त्यानं डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "ती सांगते तसं कर."

त्यानं केलं. मी दाईकडून पाणी घेतलं, फडकं भिजवलं आणि पेट्रोलच्या पंपाभोवती गुंडाळलं. मग आम्ही सगळे सावलीत बसलो. बर्फाची पेटी दाईनं ओल्या पोत्यानं झाकली. डॉक्टरांनी एकदा घड्याळाकडं पाहिलं. इंजिन पुरतं निवल्यावर मी उठले. एवढ्या वाटेत टाकीतलं पेट्रोल कमी झालं होतंच.

"ये. नरसाळं धर."

"मी ओततो, सिस्टर. तुमी धरा."

"नाई. तू धर."

त्यानं नरसाळं धरलं. मी डबा उचलला. डबा जड होता, उजवा हात दुखत होता, मी डाव्यानं खाली आधार दिला आणि सावकाश, अगदी सावकाश ओतायला लागले. इंजिन गार होतं, आसपास विस्तव नव्हता, नरसाळं लोखंडाला भिडलेलं होतं. काही होणार नव्हतं, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. तरी त्यानं नरसाळं दोन्ही हातांनी घट्ट आवळलं होतं. त्याच्या कपाळावरचा घाम नाकावरून ओघळला, पण त्याला तो पुसता येईना.

"हलू नको," मी म्हणाले. "सांडंल."

मला आवडलं ते. कुणाला हे वाचून कसं वाटेल याची मला पर्वा नाही. तो डबा आणखी मोठा असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

मग मी झाकण लावलं, सांडलेला एक थेंब पुसला, फडकं दूर झुडपावर टाकलं आणि लाल सीटवर जाऊन बसले. पर्समधून लायसन काढून डॉक्टरांच्या हातात दिलं. त्यांनी ते पाहिलं, परत दिलं आणि शेजारी बसले. ड्रायव्हर बाहेरच उभा होता.

"मागं बस," मी त्याला म्हणाले. "पाय आत घे. पाय बाहेर असले का मी गाडी नाई हालवत."

गावात शिरलो तेव्हा लोकांनी खुर्ची आणली होती. ती आणणारा माणूस मध्येच थांबला. ड्रायव्हर मागून उतरत होता, मांडीवर लसीची पेटी घेऊन बसल्यानं त्याची चड्डी ओली झालेली. माणसानं माझ्याकडं पाहिलं, मग डॉक्टरांकडं, आणि खुर्ची माझ्यासमोर ठेवली. मी बसले. चहासुद्धा मीच आधी घेतला. गोड होता, कपात माशी पडली होती, ती काढून मी प्याले.

परत आल्यावर डॉक्टरांनी दाईला बोलावलं आणि त्यांना येत होती तेवढ्या गोंडीत विचारलं. ती उभी राहून बोलत होती, हातांनी काडी ओढायची नक्कल करत होती. ड्रायव्हर भिंतीला टेकून होता. डॉक्टर त्याला म्हणाले, "खरं आहे?"

"हाव," तो म्हणाला. एवढंच.

"उद्यापासून येऊ नकोस."

"त्याले काढू नका, डॉक्टर," मी म्हणाले.

त्यांना वाटलं मी माफ केलं. त्यांचे डोळे पाणावले. मला हसू आलं. मी म्हणाले, "गाडी मी चालवीन. हा गाडी धुवायले अन् नरसाळं धरायले राहू द्या."

आणि तसंच झालं. पेट्रोल भरायच्या दिवशी मी अंगणात उभी राहून त्याला विचारायची, "आधी काय?" तो म्हणायचा, "इंजिन बंद." "मंग?" "माणसं खाली." दवाखान्यात आलेले पेशंट बघत असायचे. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीला लोक हसायचे, मग हसायचे थांबले. दाई एकदा मला म्हणाली, "बाई, तो माणूस हाय." मी म्हणाले, "मी बी होती." त्या दिवशी तिनं माझ्याबरोबर भाकर खाल्ली नाही. मी एकटीनं खाल्ली.

तो का राहिला? कारण गाडी हातून गेल्याचं घरी त्यानं सांगितलंच नव्हतं. त्याचं गाव सिरोंचाच्या वाटेवर होतं. रविवारी तो सायकलनं जायचा. तिथं तो अजून ड्रायव्हरच होता. हे मला त्याच्या बायकोकडून कळलं.

तिला बाळंतपणाला बैलबंडीतून आमच्याकडं आणलं, दिवसा, उन्हं उतरायच्या आधी. मूल आडवं होतं. डॉक्टरांनी आणि मी मेहनत घेतली आणि दोघंही वाचली. मुलगी झाली. त्या बाईशी माझं काही वैर नव्हतं. मी तिची नीट सेवा केली, माझ्या घरच्या कुणाची केली असती तशीच. ड्रायव्हर दारातून आत डोकावायचा आणि मी असले की माघारी जायचा.

एका सकाळी मी तिला पेज भरवत होते. तिनं माझा हात धरला आणि कातडीवरून बोट फिरवलं.

"सिस्टर, हा तोच हात का जी? आमच्या माणसानं विझवला तो?"

माझ्या हातातला चमचा थांबला.

"काय सांगतलं त्यानं?"

"तुमचा स्टोव्ह भडकला म्हणे. अन् यायनं अंगावर पोतं टाकून तुमाले वाचवलं. साऱ्या गावाले माहीत हाय. आमच्या घरी लोकं येऊन त्यायच्या पाया पडले."

दाई कोपऱ्यात बाळाला तेल लावत होती. तिनं मान वर केली. मला वाटतं तेव्हा तिलाही राग आला. तिचं पोतं होतं ते. तिचा जीव होता.

मी पेज बाजूला ठेवली आणि त्या बाईला सगळं सांगितलं. बर्नर माझ्या हातात सुटा होता इथपासून. विझलेली विडी, काडी, लवंडलेला डबा, विहिरीकडं पळणारी त्याची पाठ. चढणीवरचं नरसाळं. गाडी आता कोण चालवतं. ओली बाळंतीण आहे, नंतर सांगू, असा विचार माझ्या मनात आला होता. मी तो बाजूला सारला. शेवटी ती दाईकडं बोट दाखवून म्हणाली, "यायनं?"

"हाव. यायनं."

ती उठून बसली, तिला उठवत नव्हतं तरी. तिनं दाईच्या पायाला हात लावला. मग भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.

तिला घरी सोडायचा दिवस रविवार होता. तो सकाळीच सायकलनं पुढं गेला होता, घरी तयारी करायला. मी टाकी भरून निघाले. ती पुढं माझ्या शेजारी, बाळ मांडीवर, मागं दाई. मी गाडी हळू चालवली, टाके होते तिला. खड्डा दिसला की मी जवळजवळ थांबायची. ती एकदाच बोलली. "गाडी बराबर चालवता जी तुमी."

गावात शिरताना पोरं धावत आली, मग मोठी माणसं. बाई गाडी चालवते हे बघायला घरातून बाया बाहेर आल्या. त्याच्या दाराशी तोरण बांधलं होतं. तो पांढरा सदरा घालून उभा होता आणि त्याच्या मागं शेजारीपाजारी. मला ड्रायव्हरच्या सीटवर पाहून एक म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "काऊन रे, गाडी तं तू चालवतो ना?"

बाळाला घ्यायला त्यानं दोन्ही हात पुढं केले. त्याची बायको दाईचा आधार घेऊन खाली उतरली, त्याच्यासमोर थांबली, त्याच्या हातांकडं पाहिलं. मग बाळ छातीशी धरून ती त्याच्या बाजूनं घरात गेली. त्याचे हात तसेच पुढं राहिले. म्हाताऱ्यानं दाईला विचारलं, काय झालं? दाई गोंडीत बोलायला लागली. त्या गावात सगळ्यांना गोंडी येत होती.

इंजिन चालू ठेवून मी नुसती वाट पाहत बसले नाही. इंजिन बंद करून, चावी हातात घेऊन, सगळं ऐकलं.

सोमवारी तो आला नाही. पुढं ऐकलं की तो एका ट्रकवर आंध्राकडं गेला. त्याची बायको मुलीला लस टोचायला वेळच्या वेळी आणायची, माझ्याशी जेमतेम बोलायची, दाईशी मात्र पोटभर.

डॉक्टरांनी एकदा विचारलं, "नवा ड्रायव्हर बघायला सांगू का संस्थेला?"

"काऊन?" मी म्हणाले. "गाडी तं रोज चालून राह्यली ना."